ती पेटी तिकडं जात नाही

मी विचारायले नाही गेलो होतो. सांगायले गेलो होतो.

मंडळाचा नियम तसा होता. पेटी कोणाच्याही घरी न्यायची असली तर पहिले गुरुजीले सांगायचं, मंग शेडचं कुलूप उघडायचं. कुलपाची चाबी माझ्याच खिशात राहे. म्हणून त्या सकाळी मी गुरुजीच्या दारात उभा राहून म्हणलं, "गुरुजी, सायत्रा गेली. काचेची पेटी काढून नेतो."

सायत्रा माझी बायको. उजाडता उजाडता गेली. पेटी म्हणजे मयत थंडं ठेवायची मशीन. बाहेरगावचं लेकरू येईपर्यंत मयत टिकली पाहिजे, त्याले आपल्या माणसाचं तोंड दिसलं पाहिजे, यासाठी आमचं सेवा मंडळ ती फुकट देत होतं. अशा दोन पेट्या होत्या, एक काचेची, एक पत्र्याची. आमची एकुलती एक लेक रत्ना पुण्याहून गाडीत बसली होती. दुसऱ्या दिवशी पोचणार होती. मे महिना होता. गोंदियाचा मे महिना ज्यानं पाहिला त्याले अजून काही सांगायची गरज नाही.

गुरुजी मंडळाचे सचिव. हायस्कूलचे हेडमास्तर होते, मंग रिटायर झाले. ते कुंड्यायले पाणी घालून राहिले होते. लोटा खाली ठेवून त्याईनं माझा हात धरला. डोळ्यात पाणी आलं. खरं पाणी होतं, खोटं नाही म्हणत मी.

"फार वाईट झालं, भाऊ," ते म्हणाले. मंग म्हणाले, "पत्र्याची नेता ना?"

"काचेची."

"पत्र्याची न्या. मी स्वच्छ धुऊन द्यायला सांगतो."

"काचेची कोणाकडे गेली आहे का?"

"नाही. शेडमध्येच आहे."

"मंग?"

"ती तिकडं जात नाही, भाऊ. तुम्हाला माहीतच आहे."

मले माहीत नव्हतं. ती पेटी उचलू उचलू माझ्या खांद्याले घट्टे पडले, पण हे मले माहीत नव्हतं.

मी तिसरी शिकलो. राईस मिलमध्ये धानाचे कट्टे उचलण्यात जिंदगी गेली. गोंदियाले लागून असलेल्या कुडव्याले विहाराच्या मागं आमची गल्ली आहे, तिथं माझं घर. आमचा निळा झेंडा रस्त्यावरून दिसते. आम्ही कोण हे कोणाले विचारा लागत नाही. मीही कधी लपवलं नाही. लिहायची सवय नाही. तरी लिहून राहिलो, कारण मंडळ कसं निघालं हे मी नाही सांगितलं तर दुसरं कोणी सांगणार नाही.

असाच उन्हाळा होता. गोंदिया स्टेशनच्या बाहेर, ऑटो उभे राहतात तिथं, एक म्हातारा मरून पडला होता. बेवारस. लोक नाकाले रुमाल लावून बाजूनं जात. मी मिलमधून घरी चाललो होतो. गुरुजी तेव्हा शाळेत नोकरीले होते, गाडीतून उतरून आले होते. ते त्या म्हाताऱ्याजवळ उभे राहून ओरडून राहिले होते, "अहो, कोणीतरी हात लावा." कोणी नाही लावला. गुरुजीनंही नाही लावला. मी लावला. एका भाजीवाल्याचा ठेला घेतला, म्हाताऱ्याले त्याच्यावर ठेवलं, पोलिसाचं सगळं झाल्यावर मसणात नेलं. एक गोष्ट खरी आहे. गुरुजी त्या ठेल्याच्या मागं उन्हात शेवटपर्यंत चालत आले. डोक्यावर छत्री नव्हती, पायात नवे जोडे होते, टाच सोलली होती. हे मी विसरलो नाही. आजही नाही विसरलो.

येतानी टपरीवर चहा घेतला. तिथं गुरुजी म्हणाले, "आपण एक मंडळ काढू. असं माणसाला पडू द्यायचं नाही."

ते 'आपण' म्हणाले. मी ऐकलं.

मंग एक डॉक्टर आले, एक औषध दुकानवाले आले, हळूहळू गावातले अजून लोक आले. मंडळ उभं झालं. पहिल्या कार्यक्रमाचा फोटो निघाला तेव्हा बॅनरचा एक बांबू कोणी धरत नव्हतं, तो मी धरला. फोटोत माझा अर्धा हात आला. मी हसलो होतो त्याच्यावर. सायत्राले सांगितलं तर ती म्हणे, "तोंडापेक्षा तुमचा हातच बरा दिसते."

काम चांगलं होतं. त्याले मी नावं नाही ठेवत. उन्हाळ्यात बस स्टँडवर पाण्याचे माठ. नागऱ्याले महादेवाची जत्रा राहे, तिथं पाणी. ज्याचा पाय मोडला त्याले चाकाची खुर्ची, ज्याले उठता येत नाही त्याले दवाखान्याचा पलंग. बाकीचे मीटिंग घेत, भाषण देत. मी उचलत होतो. पलंग दोन माळे चढवायचा असो की गाडीतून पेशंट उतरवायचा असो, "भाऊले बोलवा" म्हणत. मले त्यात कमीपणा नाही वाटला. ज्याच्या आंगात जे आहे ते त्यानं द्यावं. माझ्या आंगात ताकद होती.

मंडळानं सगळ्यायले पिवळं जाकीट दिलं होतं. मी ते धुऊन, घडी घालून ठेवत होतो. सायत्रा म्हणे, "कुठं चालले नवरदेव? हळद तर लागलेलीच आहे."

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. गुरुजी माझ्या घरी जेवले. एकदा नाही, किती वेळा. सायत्राच्या हातचा भात आणि वाळल्या मासोळीची भाजी त्याईनं मागून मागून खाल्ली. एकाच केटलीतला चहा आम्ही प्यालो. म्हणूनच मी फसलो. जो माणूस ताटात भेद करत नाही तो मयतीत करेल, हे माझ्या डोस्क्यात कुठून येणार?

मंग पेट्या आल्या. पहिले एक आली. तिची काच फुटली तर वरून पत्रा ठोकला. तिची मोटर कण्हत चाले, खालून पाणी गळे. तिच्यात ठेवलेल्या माणसाचं तोंड पाहायचं तर झाकण उचला लागे. दोन वर्षांनं दुसरी आली, मोठी, चारही बाजूनं काच. कोणत्या घरी कोणती न्यायची हे गुरुजी सांगत. मी एकदा विचारलं होतं, आमच्याकडं नेहमी पत्र्याचीच काऊन जाते? गुरुजी म्हणाले होते, "काचेचीला करंट जास्त लागतो, भाऊ. तिकडं लाईन कमजोर असते." लाईन कमजोर होतीच. मले पटलं.

सायत्रा बिड्या बांधे. बिडीवाल्या बायका पंखा लावत नाहीत. सुपातली तंबाखू उडते, पानं उडतात. पन्नास डिग्री असो की काही असो, पंख्याखाली बसून बिडी होत नाही. एकदा मी काचेची पेटी पोचवून घरी आलो, घामानं भिजलेला. तिनं विचारलं, आत कसं राहते? मी म्हणलं, थंडं, एकदम डोंगरासारखं. ती सूप हलवत म्हणे, "मंग मले तिच्यातच ठेवजा. जिंदगीभर पंखा नाही लावला. मेल्यावर तरी थंड्यात निजीन." हसत होती. मीही हसलो. "तू काय मरते इतक्या लवकर," म्हणलं.

तर त्या सकाळी मी गुरुजीच्या दारात उभा होतो.

मी म्हणलं, "गुरुजी, माझ्या घरी लाईन चांगली आहे. रत्नानं नवीन मीटर बसवून दिलं. कूलर चालते, फ्रिज चालते. पेटीही चालेल."

गुरुजी लोट्याकडं पाहत राहिले.

मी म्हणलं, "करंटाची गोष्ट होती ना?"

"करंटाची गोष्ट नाही आहे, भाऊ."

"मंग कायची आहे? बोला. मी ऐकतो."

तेव्हा ते बोलले. आवाज खाली करून, जसं काही माझीच इज्जत वाचवून राहिले. "उद्या कोणाच्या घरी पेटी गेली आणि त्यांनी विचारलं की ही याआधी कोणाकोणाच्या घरून आली, तर मी काय सांगू? लोक घेणार नाहीत. देणगी बंद होईल. मंडळ बंद पडेल. मला स्वतःला काही नाही, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तर आपलेच आहात. तुम्ही समजून घेतलं पाहिजे."

आपलेच.

मी त्या माणसाकडं पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर सोपं झालं असतं. एक शिवी दिली असती आणि मोकळा झालो असतो. पण त्याचे डोळे अजून ओलेच होते. माझ्या बायकोसाठी रडून राहिला होता आणि तिले काचेच्या आत येऊ देत नव्हता. दोन्ही एकाच टायमाले.

तेव्हा मले सगळ्या मयती आठवल्या. मी उचललेल्या. कोणत्या घरी कोणती पेटी गेली, एकेक घर डोळ्यासमोर आलं. काच, काच, पत्रा, काच. लाईन चांगली असलेल्या घरीही पत्रा. एका साध्या झोपडीत काच, कारण झोपडी होती पण जात वरची होती. मीच तर नेली होती. मंडळाचं जाकीट घालून.

दुलीचंद माझा शेजारी, ऑटो चालवते. त्याच्याच ऑटोत मी आलो होतो. तो फाटकाशी उभा राहून सगळं ऐकत होता. मी बाहेर आलो तर म्हणे, "काका, चाबी तो तुमच्या जेबमंधीच आहे. चला, उठाके ले जाते. कोण काय करते पाहू."

खरं होतं. चाबी खिशात होती. शेड गावाबाहेर, तिथं कोणी राहत नाही. अर्ध्या घंट्यात पेटी माझ्या घरी आली असती.

मी म्हणलं, "चोरलेल्या पेटीत मी सायत्राले नाही निजवत."

"चोरी कायची काका? मंडळ तुमचंच नाही का?"

मी परत आत गेलो. चाबी गुरुजीच्या हातात नाही दिली. ओट्यावर ठेवली.

"रागात निर्णय नका घेऊ," गुरुजी म्हणाले. "वहिनींचा विचार करा. रत्नाचा विचार करा. पत्र्याची न्या."

"आज मी पत्र्याची नेली," मी म्हणलं, "तर आमच्या गल्लीतला प्रत्येक माणूस मेल्यावर पत्र्यातच जाईल. तुम्ही म्हणाल, खुद्द भाऊनं आपल्या बायकोले नेली."

मी निघालो.

बर्फ आणला. कारखान्यातून लाद्या आणल्या, पोत्यात बांधून, मिलमधला कोंडा भरून, की लवकर वितळू नये. सायत्राच्या खाली लाद्या, बाजूनं लाद्या. बाया ओले फडके बदलत राहिल्या. सूप, पानं, तंबाखू सगळं उचलून परसात ठेवलं आणि घरातला पंखा फुल सोडला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ती दिवसा पंख्याखाली निजली होती. मी पाहत राहिलो. केस उडून राहिले होते तिचे.

दुपारी लाईन गेली. ट्रान्सफॉर्मर जळला म्हणे. पंखा थांबला, कूलर थांबला. दुलीचंद पुन्हा बर्फ घेऊन आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. बर्फ दारातच अर्धा होऊन जाय. रत्नाचा फोन येत राहिला, "बाबा, गाडी भुसावळात उभी आहे. बाबा, मायले ठेवजा. मी येऊन राहिली." मी म्हणत राहिलो, ठेवतो. ये तू. ठेवतो.

सकाळ झाली. गाडी अजून लांब होती.

आमच्या गल्लीत जनाबाई आहे, सगळ्यात म्हातारी. बायायच्या मयतीले आंघोळ तीच घालते. तिनं सायत्राच्या तोंडावरचं फडकं उचलून पाहिलं आणि परत टाकलं. मले बाहेर बोलावलं.

"भाऊ," ती म्हणे, "आता नको ठेऊ."

"लेक येऊन राहिली, बाई."

"म्हणूनच म्हणतो. हे तोंड लेकीले नको दाखवू. हेच ध्यानात राहीन तिच्या."

मी भिंतीले टेकून बसलो. सगळे माझ्याकडं पाहून राहिले होते, की बुढा काय म्हणते. गल्लीतला एक जण हळूच म्हणाला, पत्र्याची आणली असती तरी... दुसऱ्यानं त्याले कोपर मारलं. मी ऐकलं. ते बरोबरही होतं. पत्र्याची पेटी गळकी होती, कण्हत होती, पण लाईन जाईपर्यंत तिनं सायत्राले चांगलं थंडं केलं असतं. बर्फापेक्षा जास्त टिकली असती. दिवसभर तरी.

मी म्हणलं, "उचला."

त्रिशरण घेतलं, पंचशील घेतलं, मसणात नेलं, माती दिली. सगळ्यात शेवटची मूठ रत्नासाठी ठेवावी असं मनात आलं. पण खड्डा अर्धा ठेवता येत नाही.

रत्ना दुपारी पोचली. दुलीचंदच्या ऑटोतून उतरली, खांद्यावर बॅग, पायात दवाखान्यातल्याच चपला. नर्स आहे ती. ड्युटीवरूनच निघाली होती. घरात आली तर जमीन ओली, कोंडा चिकटलेला, बाज रिकामी. ती त्या बाजेजवळ बसली. बाजेवर हात ठेवला. रडली नाही. तिले कोणीतरी सगळं सांगितलं होतं, ऑटोतच.

चिकटलेला कोंडा नखानं खरवडत म्हणे, "पत्र्याची काऊन नाही आणली, बाबा?"

मी सांगायले लागलो. गुरुजी असे म्हणाले, मी तसं म्हणलं. तिनं मधातच हात वर केला.

"मले समजते बाबा. मले नका शिकवू. मी बी त्याच गल्लीत वाढली." मंग म्हणे, "तुमचा मान राहिला. मले माझी माय नाही दिसली."

इतकंच. तिसऱ्या दिवशी पुण्याले गेली. फोन करते. जेवले का, औषध घेतलं का, विचारते. मायची गोष्ट काढत नाही. मी काढली तर म्हणते, बाबा, ड्युटी आहे, ठेवतो.

लोक मले म्हणतात, भाऊ, तू बरोबर केलं. विहारात एकानं माझ्यावर भाषणही दिलं. मले ते ऐकू वाटत नाही. मी बरोबर केलं, आणि माझ्या लेकीचं नुकसान केलं. या दोन गोष्टी एकमेकीले खोडत नाहीत. मी रोज दोन्ही घेऊन उठतो. आजही तीच सकाळ आली तर मी पत्र्याची नाही नेणार. हे मी रत्नालेही सांगितलं आहे. तिनं विचारलं, औषध घेतलं का.

पाऊस सरल्यावर विहारात बसून आम्ही आपलं मंडळ काढलं. भाषण नाही झालं, फोटो नाही निघाला. बिडीवाल्या बाया, मिलचे हमाल, ऑटोवाले. एक पेटी आणली, वापरलेली, काच चांगली असलेली. ती विहाराच्या ओसरीत राहते. कुलूप नाही.

दिवाळी झाली आणि एक दिवस गल्लीत टेम्पो आला. पुढं मोटरसायकलवर गुरुजी, मागं टेम्पोत ती काचेची पेटी. तीच. बॅनर होता. फोटोवाला होता. गल्ली गोळा झाली.

गुरुजी माझ्याजवळ आले. "भाऊ, मी कमिटीशी भांडलो," ते म्हणाले. "तुमच्यासाठी भांडलो. ही पेटी आता कायमची तुमची. इकडच्या लोकांसाठी. आम्ही आमच्यासाठी दुसरी घेऊ."

तो माणूस माफी मागत होता. मले दिसत होतं. त्याले वाटत होतं, हीच माफी.

मी विचारलं, "ही इथून तुमच्या कॉलनीत जाईल का? उद्या तिकडं कोणी वारलं, आणि तुमची पेटी गुंतलेली असली, तर ही न्याल?"

गुरुजीनं बॅनरकडं पाहिलं. फोटोवाल्याकडं पाहिलं. मंग खाली पाहिलं.

"तर परत न्या," मी म्हणलं.

दुलीचंद कानात म्हणे, "काका, फुकटमंधी भेटून राहिली. दो रहेंगी तो अच्छाच आहे ना." जवान पोरंही चिडले. एक जण म्हणाला, "बुढ्याचा ताठाच जात नाही." मी ऐकून घेतलं. टेम्पो परत फिरेपर्यंत रस्त्यात उभा राहिलो. गुरुजी जातानी माझ्याकडं पाहून राहिले होते. मी नमस्कार केला. जयभीम म्हणलं.

पोरायले मी मंग बसवून सांगितलं, आणि इथंही लिहून ठेवतो. आपल्या मंडळात पेटी एकच राहील. कोणी सोन्याची देतो म्हणलं तरी दुसरी घ्यायची नाही. दोन पेट्या झाल्या की कोणाले कोणती हे आलं. आज त्याईनं केलं, उद्या आपण करू. मोहल्ल्याची वेगळी, पोटजातीची वेगळी, ज्यानं वर्गणी नाही दिली त्याची वेगळी. मी सगळं पाहिलं आहे, आपल्यातलंही पाहिलं आहे. एकच राहिली तर एकच प्रश्न राहते, पहिले कोण वारलं. ज्या दिवशी दोन घरी मयत होईल त्या दिवशी एका घरच्या लेकीले तोंड नाही दिसणार. ते काय असते हे मले कोणी सांगायची गरज नाही. तरी एकच.

पेटी बोलावेल त्याच्या घरी जाईल. जात विचारायची नाही, मोहल्ला विचारायचा नाही. गुरुजीच्या घरून फोन आला तरी जाईल, आणि माझ्यात जीव असला तर एक बाजू मीच उचलीन. पण घरात ठेवण्याच्या पहिले, दारात उभं राहून, ही पेटी कोणाकोणाच्या घरून आली ते मी मोठ्यानं सांगणार. एकेक नाव घेऊन. सायत्राचं नाव त्याच्यात नाही, बाकी सगळ्यायची आहेत. ज्याले चालते त्यानं बाजूले होऊन आत येऊ द्यावं. ज्याले नाही चालत त्यानं आपलं माणूस उन्हात ठेवावं.